हरवलेल्याची ओळख

घरांतील मूल एकाएकीं नाहींसें व्हावें, यासारखी दुसरी आपत्ति नाहीं. मृत्यूनें निदान गोष्टीचा शेवट तरी होतो. हरवलेल्या माणसाच्या बाबतींत घरच्यांना शोकही करतां येत नाहीं आणि आशाही सोडवत नाहीं. आपल्या धर्मशास्त्रकारांनीं ही अडचण ओळखून, बारा वर्षें वाट पाहावी आणि मग पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नि द्यावा, असा विधि सांगून ठेविला. इंग्रजी अमदानींत १८७२ सालीं झालेल्या पुराव्याच्या कायद्यानें ती मुदत सात वर्षांची केली, व आजचा कायदाही तीच मुदत मानतो. परंतु शास्त्र आणि कायदा कांहींही म्हणोत, ज्या आईचें मूल गेलें तिच्या दाराला आंतून कडी लागत नाहीं. हरवलेलें माणूस शोधावयाचें कसें, आणि तें समोर येऊन उभें राहिलें म्हणजे तें तेंच आहे हें ओळखावयाचें कसें, या दोन प्रश्नांचा इतिहास आज श्रोत्यांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

विषय सुचण्यास एक बोलपट कारण झाला. २०१८ सालीं अमेरिकेंत ‘सर्चिंग’ या नांवाचा बोलपट निघाला. त्याचे दिग्दर्शक अनीश चागंटी हे तेलुगू आईबापांच्या पोटीं अमेरिकेंत जन्मलेले गृहस्थ. कथानक सरळ आहे. सॅन होझे शहरांत एक विधुर बाप आणि त्याची सोळा वर्षांची मुलगी राहत असतात. मुलगी एका रात्रीं अभ्यासासाठीं म्हणून बाहेर जाते ती परत येत नाहीं. बाप तिचा संगणक उघडतो आणि शोधास लागतो. विशेष असें कीं, हा सबंध बोलपट संगणकाच्या आणि मोबाईलच्या पडद्यांवरच घडतो. पत्रें, निरोप, छायाचित्रें, पैशांच्या देवघेवीच्या नोंदी, बातम्या, एवढ्यांतूनच प्रेक्षकाला सर्व उमगावयाचें. चित्रीकरण अवघ्या तेरा दिवसांत उरकलें. पण हीं सारीं चिटोरीं एकास एक जुळवून त्यांतून गोष्ट उभी करावयास सुमारें दोन वर्षें लागलीं. पुढें २०२० सालीं महेश नारायणन यांनीं मल्याळम भाषेंत ‘सी यू सून’ हा याच धर्तीचा चित्रपट काढिला. आणि २०२३ सालच्या ‘मिसिंग’ या अमेरिकन बोलपटांत आई नाहींशी होते व मुलगी तिला शोधते.

या बोलपटाचें मर्म रहस्यांत नाहीं. मुलीच्या पत्रव्यवहारांत शिरल्यावर बापाला पहिला धक्का बसतो तो असा, कीं जिला शोधावयाचें ती मुलगी आपल्याला ठाऊकच नव्हती. जिच्या पियानोच्या शिकवणीचे पैसे तो देत होता, तिनें ती शिकवणी केव्हांच सोडून दिलेली असते. ज्या मुलींना तो तिच्या मैत्रिणी समजत होता, त्या तिला जेमतेम ओळखत असतात. एका छपराखालीं राहून जें कळलें नाहीं, तें तिच्या पाठीमागें राहिलेल्या नोंदींवरून कळूं लागतें.

प्रेक्षकांना हा प्रकार अगदीं नवा वाटला. पण जुन्या दप्तरांत ज्यांचे दिवस गेले त्यांना तो ओळखीचा वाटेल. माणूस डोळ्यांआड झालेला, बोलावयास कोणी नाहीं, समोर फक्त कागद; त्यांतले कांहीं खरे, कांहीं फसवे, आणि बहुतेक दुसऱ्याच कामासाठीं लिहिलेले. त्यांतून तें माणूस उभें करावयाचें, हाच तर इतिहासलेखनाचा उद्योग. आणि असा एक मुलगा आपल्या इतिहासांतही आहे, ज्याचें सारें पौगंडवय स्वकीयांच्या नजरेआड गेलें आणि जो परत आल्यावर, ‘हा तो नव्हेच,’ असें त्याला सांगण्यांत आलें. त्याच्या हकीकतीचा एक धागा आपल्या वऱ्हाडांत, बुलढाणा जिल्ह्यांतील सिंदखेड राजा या गांवीं पोंचतो.

सिंदखेड हें जिजाबाईंचें माहेर. लखुजी जाधवरावांच्या या गांवीं त्यांची समाधि आजही उभी आहे. जिजाबाईंचा पणतू, संभाजी महाराजांचा मुलगा शाहू, १६८९ सालीं रायगड मोंगलांच्या हातीं पडला तेव्हां सात वर्षांचा होता. आई येसूबाईंसह तो औरंगजेबाच्या छावणींत गेला, आणि पुढें अठरा वर्षें ती हलती छावणी हेंच त्याचें घर झालें. तो कोठें आहे हें महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक होतें; तो कसा आहे आणि कोण झाला आहे, हें मात्र कोणास सांगतां आलें नसतें. सातव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत माणसाचा चेहरा बदलतो, आवाज फुटतो, बोलण्याची ढब बदलते. ज्यांनीं त्याला अंगाखांद्यावर खेळविलें त्यांतले कितीएक लढायांत पडले. स्वकीयांच्या दृष्टीनें तो मुलगा हरवलेलाच होता.

गंमत अशी, कीं या वर्षांतला शाहू जो कांहीं आपणांस भेटतो तो बहुतांशीं शत्रूच्या कागदांत भेटतो. बादशाही दरबारांतील घडामोडींचीं रोजचीं बातमीपत्रें, ज्यांना अखबार म्हणत, त्यांत त्याचें नांव येतें. त्याला सात हजारी मनसब दिल्याचें कळतें. बादशहाच्या देखरेखीखालींच त्याचीं लग्नें झालीं. त्याच्या वधूंपैकीं एक सिंदखेडच्या जाधवांची मुलगी होती. पणजीच्या माहेरची मुलगी पणतवाला मिळावी, आणि तीही बादशहाच्या छावणींत, असा हा योग. अशा अखबारांचा उपयोग जदुनाथ सरकारांनीं इतिहासास करून दिला, आणि मराठी बाजूचे कागद रियासतकार सरदेसाईंनीं पेशवे दप्तराचे पंचेचाळीस भाग छापून पुढें आणले. त्या दोन ढिगाऱ्यांच्या मध्यें कोठें तरी तो मुलगा आहे. कैद करणाऱ्यानें त्याची नोंद ठेविली, ती त्याच्यावर नजर ठेवण्यासाठीं. पण अडीचशें वर्षांनीं त्याला शोधणाराच्या उपयोगी तीच पडली. ही गोष्ट ध्यानांत असूं द्यावी. तिचें काम पुढें पडणार आहे.

१७०७ सालीं औरंगजेब अहमदनगरास वारला. त्याचा मुलगा आझमशहा यानें उत्तरेकडे जातांना शाहूला सोडलें, आणि शाहू नर्मदा उतरून खानदेशाच्या वाटेनें स्वदेशीं निघाला. इकडे राज्य ताराबाई चालवीत होत्या. राजारामांच्या पश्चात् ज्या धीरानें त्यांनीं तें राखलें तो पाहतां, दारांत उभ्या राहिलेल्या या पाहुण्याचें स्वागत त्या सहजासहजीं करतील अशी अपेक्षाच चुकीची होती. त्यांनीं जाहीर केलें कीं, हा शाहू नव्हे, तोतया आहे. आणि खरा असला तरी वडिलांचें राज्य गेलें तेव्हांच त्याचा हक्क गेला, हें राज्य नव्यानें मिळविलेलें आहे. दुसरा मुद्दा राजकारणाचा होता. पहिला आपल्या विषयाचा आहे. कारण हा शाहूच आहे, हें सिद्ध करावयाचें कसें? छायाचित्र नाहीं, जन्माचा दाखला नाहीं, बोटांचे ठसे नाहींत. आपण कोण हें त्यानें स्वतः सांगून उपयोग नाहीं, कारण तोतयाही तेंच सांगेल.

अशा वेळीं त्या काळाला एकच साधन ठाऊक होतें, आणि तें म्हणजे प्रतिष्ठित माणसाची साक्ष. परंपरा सांगते कीं, नागपूरकर भोसल्यांचे मूळपुरुष परसोजी भोसले हे शाहूला येऊन मिळाले व त्यांनीं सर्वांदेखत त्याच्या ताटांत बसून भोजन केलें. आज आपणांस हा पुरावा हास्यास्पद वाटेल. पण त्याचा अर्थ फार मोठा होता. परक्या, अनोळखी माणसाच्या ताटांत जेवणें म्हणजे आपलें कूळ, आपली पंक्ति, आपलें सर्वस्व पणास लावणें. ‘हा तोच आहे’ असें नुसतें म्हणण्यास कांहीं खर्च पडत नाहीं. परसोजींनीं तें म्हणतांना आपली अब्रू तारण ठेविली. मग ताराबाईंनीं सेनापति धनाजी जाधवांस शाहूवर पाठविलें. हे धनाजी सिंदखेडच्याच जाधवांच्या शाखेंतले. त्यांच्या पदरीं असलेल्या बाळाजी विश्वनाथांनीं मध्यें पडून त्यांची खात्री पटविली, आणि १७०७ च्या ऑक्टोबरांत भीमेकांठीं खेडजवळ सैन्यें समोरासमोर आलीं तेव्हां धनाजी शाहूच्या बाजूस गेले. १७०८ च्या जानेवारींत शाहूला साताऱ्यास राज्याभिषेक झाला. जो मुलगा कागदोपत्रीं कोणालाच सिद्ध करतां आला नसता, तो माणसांच्या भरंवशावर आपल्या घरीं आला.

मात्र हा भरंवसा दुधारी असतो. पानिपतावर १७६१ सालीं सदाशिवरावभाऊ नाहींसे झाले. पुढें एक कनोजी ब्राह्मण आपणच भाऊ म्हणून पुढें आला. त्याला कैदेंत टाकलें तरी लोकांच्या मनांतून तो गेला नाहीं. १७७६ सालीं तो रत्नागिरीकडील बंदींतून सुटला तेव्हां कोंकणांत हां हां म्हणतां त्याच्यामागें माणसें आणि किल्ले उभे राहिले. अखेर तो पकडला गेला, पुण्यास चौकशी होऊन त्याच वर्षीं त्यास देहांत शासन झालें. शहाणींसवरतीं माणसें फसलीं कशीं, असा प्रश्न पडतो. उत्तर असें कीं, त्यांना फसावयाचें होतें. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनीं १७८३ सालीं मरण येईपर्यंत सौभाग्यचिन्हें उतरलीं नाहींत. जेथें घरांतच दार उघडें होतें, तेथें गांवानें तें लावावें कसें? एकीकडे खरा मुलगा नाकारला जातो, दुसरीकडे खोटा भाऊ स्वीकारला जातो. डोळ्यांची साक्ष अशी मनाच्या मागून जाते.

मनावर अवलंबून नसणारी साक्ष शोधण्याचा प्रयत्न पुढच्या शतकांत आपल्याच देशांत झाला. १८५८ सालीं बंगाल्यांतील जंगीपूर येथें विल्यम हर्शेल नांवाच्या मुलकी अधिकाऱ्यानें एका कंत्राटदाराकडून करारावर सहीऐवजीं हाताचा ठसा घेतला. त्यांतून जें शास्त्र वाढलें त्याची परिणति म्हणून १८९७ सालीं कलकत्त्यास बोटांच्या ठशांची जगांतील पहिली कचेरी उघडली. तें वर्गीकरण एडवर्ड हेन्री यांच्या नांवानें ओळखलें जातें. पण त्यामागें अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अंमलदारांची बुद्धि होती. माणूस म्हातारा झाला, आजारी पडला, नांव बदललें, तरी बोटाची रेघ बदलत नाहीं. परंतु ही सारी विद्या गुन्हेगार ओळखण्यासाठीं होती. चोराची नोंद सरकारदरबारीं झाली. हरवलेल्या पोराची झाली नाहीं.

आणि नेमकें याच काळांत पोर हरवण्याचा अर्थ पालटला. पूर्वीं जत्रेंत मूल चुकलें तर दवंडी पिटत. मूल फार तर पलीकडच्या बाजाराच्या गांवीं सांपडे, आणि तेथेंही त्याची भाषा, त्याचें गांव, त्याच्या बापाचें नांव कळण्यासारखें असे. १८६७ पर्यंत भुसावळाहून नागपूरपर्यंत आगगाडी गेली. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगांव हीं आपल्या जिल्ह्यांतील गांवें तिच्या वाटेवर आलीं. १८७० सालीं कापसासाठीं जलंब ते खामगांव असा फांटा निघाला. तेव्हांपासून शेगांवच्या फलाटावर आईचा हात सुटलेलें मूल गाडींत चढलें तर सकाळीं अशा शहरांत उतरूं लागलें कीं जेथें त्याची बोलीही कोणाला कळूं नये. अंतर शेंकडों कोसांचें, पण मुलाला तें एका रात्रीचें वाटे. दवंडी तेथवर पोंचणार कशी?

तिची जागा वर्तमानपत्रांतील छायाचित्रानें आणि मग नभोवाणीनें घेतली. १९४७ च्या फाळणींत ताटातूट झालेल्या निर्वासितांचे निरोप दिल्लीहून ध्वनिक्षेपित होत असत. कोण कोठें आहे, कोण कोणाला शोधतें आहे, एवढेंच त्यांत असे. मागाहून दूरदर्शनवर हरवलेल्यांचीं छायाचित्रें दाखवून वय, वर्ण, अंगावरचे कपडे यांचें वर्णन वाचून दाखवीत. तें ऐकतांना बैठकींतलें बोलणें क्षणभर थांबत असे, हें अनेकांस आठवत असेल.

सर्वांत मागें राहिला तो कायदा. पोलीस ठाण्यांत मूल हरवल्याची नोंद होई, पण तो गुन्हा म्हणून क्वचितच गणला जाई. आणि गुन्हा नाहीं म्हणून तपासही नाहीं. मुलें रागावून जातात, परत येतात, अशी समजूत असे, व ती गरिबाच्या मुलाच्या बाबतींत अधिकच बळकट असे. २००६ सालीं दिल्लीजवळील निठारी येथें हरवलेल्या मुलांचे अवशेष सांपडले, तेव्हां ही समजूत किती महाग पडते तें देशाला दिसलें. अखेर १० मे २०१३ रोजीं, ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेनें केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें आज्ञा केली कीं, अठरा वर्षांखालील मूल हरवल्याची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवावी आणि मूल पळविलें गेलें आहे असें गृहीत धरूनच तपासास लागावें. मुंबईंत १९९६ सालीं सुरू झालेला १०९८ हा मुलांसाठींचा दूरध्वनि, हरवलेल्या व सांपडलेल्या मुलांच्या नोंदी एकत्र ताडून पाहणारी ‘ट्रॅक चाईल्ड’ ही सरकारी व्यवस्था, २०१५ सालीं निघालेलें ‘खोया-पाया’ आणि त्याच वर्षापासून महाराष्ट्रांत राबविली गेलेली ‘मुस्कान’ मोहीम, या सर्वांनीं मिळून हरवलेल्या मुलाला प्रथमच एक दप्तर दिलें. तें दप्तर आतां कपाटांत नसून पडद्यावर आहे.

मग पडदा दिसतांच मूल सांपडतें काय? २०१८ सालीं दिल्ली पोलिसांनीं चेहरे ओळखणारें यंत्र सुमारें ४५,००० मुलांच्या छायाचित्रांवर चालविलें आणि चार दिवसांत तीन हजारांच्या जवळपास मुलांची ओळख पटल्याची वार्ता सर्वत्र पसरली. त्याच वर्षीं पुढें न्यायालयापुढें त्याच यंत्राची अचूकता शेंकडा दोनच्या आसपास असल्याचें सांगण्यांत आलें. यंत्रही डोळ्यासारखें चुकतें. फरक इतकाच कीं त्याच्या चुकीला परसोजींप्रमाणें कोणी जामीन राहत नाहीं.

या पार्श्वभूमीवर नागपूरांत घडलेली एक गोष्ट सांगतों. संबंधितांचीं नांवें सांगण्याचें कारण नाहीं. २०११ सालीं नागपूरच्या रेल्वे स्थानकावर सुमारें आठ वर्षांचा एक मुलगा सांपडला. त्याला नीट बोलतां येत नव्हतें. नांव, गांव कांहींच सांगतां येईना. पोलिसांनीं त्याला एका बालगृहांत पोंचविलें. २०१५ सालीं तें बालगृह बंद झालें, तेव्हां तें चालविणाऱ्या गृहस्थांनीं त्याला स्वतःच्या घरीं नेलें. तेथें तो त्यांच्या मुलांबरोबर वाढला, शाळेंत जाऊं लागला. शाळेसाठीं त्याचें आधारपत्र काढावयाचें ठरलें, आणि येथून अडचण सुरू झाली. ठसे द्यावे, अर्ज नाकारला जावा. पुन्हां द्यावे, पुन्हां नाकारला जावा.

आधारचें पहिलें वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजीं आपल्याच महाराष्ट्रांत, नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं झालें. त्याची योजना अशी, कीं नवा अर्ज आला म्हणजे दहा बोटांचे व दोन डोळ्यांचे ठसे आधींच्या सर्व ठशांशीं ताडून पाहावयाचे, आणि जुळले तर एकाच माणसाची दोन पत्रें होऊं नयेत म्हणून नवा अर्ज फेटाळावयाचा. म्हणजे यंत्राला त्या मुलाची ओळख पहिल्याच दिवशीं पटली होती. पण हरवलेल्यांना शोधणें हें त्याचें काम नव्हतें. दुबार नोंद रोखणें हें होतें. ‘हा अमक्या गांवचा अमका’ असें तें बोललें नाहीं. त्यानें फक्त ‘नाहीं’ म्हटलें. पालनकर्ता थकला नाहीं. तो मुलाला घेऊन नागपूरच्या मानकापूर येथील आधार केंद्रांत गेला, आणि तेथल्या प्रमुखानें हा नकार कां येतो याचा छडा लावावयाचें मनावर घेतलें. तेव्हां उलगडलें कीं, या मुलाची नोंद हरवण्यापूर्वींच जबलपूर येथें झालेली आहे. २०२१ च्या जूनअखेर, दहा वर्षांनीं, अठरा वर्षांचा तो मुलगा आपल्या आईबापांकडे गेला. आणि ज्या घरानें त्याला वाढविलें त्या घरानें त्याला निरोप दिला. या दुसऱ्या घरचें दुःखही लहान नव्हतें.

बंगाल्यांत करारासाठीं घेतलेला आणि पुढें चोरासाठीं जपलेला हाताचा ठसा असा एका मुक्या मुलाच्या उपयोगीं पडला. परंतु येथें मघांचा शाहू आठवावा. ज्या नोंदीनें मूल सांपडतें तीच नोंद माणसावर पाळत ठेवावयासही पुरेशी असते. म्हणूनच कायद्यानें आधारच्या ठशांना कुलूप घातलें आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानें २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालांत त्याच्या वापरास मर्यादा घातल्या. हें कुलूप हरवलेल्या मुलाच्या आईला निष्ठुर वाटेल. पण तें सरसहा उघडावें असें म्हणण्यापूर्वीं बादशहाच्या छावणीचा विचार करावा. या दोन भयांमधून वाट काढणें आजच्या राज्यकर्त्यांस आणि नागरिकांस भाग आहे, व ती वाट अजून सांपडावयाची आहे.

दोन प्रसंगांमध्यें तीनशें चौदा वर्षांचें अंतर आहे. साधनें ओळखूं न येण्याइतकीं बदललीं. पण दोन्ही वेळां कोणी तरी आधीं नोंद केली होती आणि कोणी तरी तिच्यासाठीं आपला वेळ, आपली अब्रू, आपली झोप खर्च केली. नुसती नोंद पुरली असती तर नागपूरचा मुलगा पहिल्याच अर्जाला घरीं गेला असता. नुसती माया पुरली असती तर भाऊंचा तोतया पेशवाईंत नांदला असता.

श्रोतेहो, आपल्या घरांतील मुलाला आपलें पूर्ण नांव, गांव आणि घरचा दूरध्वनि क्रमांक पाठ आहे कीं नाहीं, हें आज रात्रीं विचारून पाहावें. तेवढी नोंद कोणत्याही यंत्राच्या आधीं कामास येते. आणि तें विचारीत असतांना, दिवसभर तें कोणाशीं बोललें, कशानें हिरमुसलें, कोणती शिकवणी त्याला नकोशी झाली आहे, हेंही विचारावें. त्या बोलपटांतल्या बापाला हे प्रश्न मुलगी गेल्यावर तिच्या संगणकाला विचारावे लागले. आपल्याला ते अजून मुलांना विचारतां येतात.